आधी वरचा प्लग

हा दात हातात घे. टेबलावर ठेवून लांबून बघू नकोस, घे. मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन गिअरचा आहे. मुळाशी निळसर पडलाय, पाठीवर खरवडला गेलाय आणि कडेला गंज धरलाय. निळसर पडला म्हणजे तापला होता. खरवडला म्हणजे ऑइलचा पडदा फाटून पोलाद पोलादावर घासलं. आणि गंज? बंद हौसिंगमध्ये, ऑइलात बुडालेल्या पोलादाला गंज कुठून आला? सांग.

सकाळी फोनवर मला म्हणालास, "सर, अचानक गेला." तो शब्द परत माझ्यासमोर काढू नकोस. चौदा महिने तो जात होता. तुला दिसला नाही, कारण तू एकदाही बघितलं नाहीस.

मी रिटायर झालेला माणूस. या शेडमध्ये येऊन उकिडवं बसायची मला गरज नव्हती. आलो, कारण आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची दोन वर्षं तू माझ्यासमोर काढलीस. रस्त्यावरचा कुणी ड्रायव्हर असता तर मी त्याला समजावून सांगितलं असतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तुला मी शिकवलंय. तोंडी परीक्षेत हायपॉइड म्हणजे काय ते तू फळ्यावर काढून दाखवलं होतंस, माझ्या लक्षात आहे. म्हणून तुला समजावणार नाही, तुला जाब विचारणार आहे.

2024 ची 25 जुलै आठव. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, आणि पहाटे सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत शिरलेली मुठा. तू रात्री उशिरा मार्केट यार्डात माल टाकून आलास, गाडी नेहमीच्या गल्लीत लावलीस आणि झोपलास. उठलास तेव्हा पाणी सीटपर्यंत होतं. घरातलं धान्य गेलं, मुलांची दप्तरं गेली. त्या आठवड्यात तू काय सोसलंस ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. बोलायचंय ते पुढच्या आठवड्याबद्दल. गाडी बाहेर काढलीस. सीट उन्हात टाकल्यास, मॅट धुतल्यास, इंजिन ऑइल बदललंस, एअर फिल्टर बदललास, बॅटरी बघितलीस. सगळं बरोबर केलंस. मग मागच्या ॲक्सलखाली का नाही शिरलास? दहा मिनिटांचं काम होतं. गुडघाभर पाण्यातही तुझा डिफ्रन्शल बुडतो, आणि तिथं तर कंबरेच्या वर पाणी होतं.

पाणी आत जातं कसं, हे तरी आठवतंय का? हौसिंगच्या डोक्यावर एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालली की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. थंड झाली की हवा आकसते आणि बाहेरची हवा त्याच वाटेनं आत ओढली जाते. तू सासवडहून माल भरून शहरात आलेला, ॲक्सल कढत. ती तशीच उभी केलीस आणि थोड्या वेळात तिच्याभोवती गार पाणी चढलं. आत जे ओढलं गेलं ते हवा नव्हतं, मुठेचं गढूळ पाणी होतं. बाकीचं सीलांतून झिरपलं. सील बनवलेत ते आतलं ऑइल बाहेर येऊ नये म्हणून. तासन् तास बाहेरून पाणी अडवून धरणं हे त्यांचं कामच नव्हे. गाडी उभी असेल तर ते पाणी तळाशी बसतं, खालचा प्लग जरा सैल केला तर आधी पाणीच येतं. तू तसं करायच्या आधीच गाडी चालवलीस. क्राऊननं ते सगळं घुसळलं. लोणी काढायला ताक घुसळतात तसं. त्या दुधट पाण्यावर तू चौदा महिने सीताफळं, अंजिरं आणि वाटाणा ओढलास.

गाडीनं तुला सांगितलं नाही असं म्हणू नकोस. दिवाळीत सांगितलं. घरघर सुरू झाली. मी वर्गात काय घोकून घेतलं होतं? आवाज आला की आधी पाय बघायचा. पाय दिल्यावर येतो की सोडल्यावर? वळणावर बदलतो का? सरळ रस्त्यावर वेगाबरोबर चढतो का? त्यावरून दात की बेअरिंग, याचा अंदाज बांधता येतो. तू यातलं काही केलं नाहीस. हायवेच्या कडेला एका टपरीवर गाडी थांबवलीस. "एकशेचाळीस नंबर टाक, आवाज बसेल," असं तिथल्या पोरानं सांगितलं, आणि तू चहा पीत उभा राहिलास. त्यानं जुनं ऑइल काढलं का? नाही. प्लग उघडल्यावर आत बोट घालून बघितलं का? तुला माहीत नाही, कारण तुझी पाठ होती. गाडी उभी होती उतारावर. म्हणजे त्याला प्लगाच्या तोंडाशी दिसलेली पातळी खोटी. आधीच पाण्यानं पातळी चढलेल्या हौसिंगमध्ये त्यानं वरून आणखी ओतलं.

आणि आवाज बसला. बसणारच. जाड ऑइलनं आवाज दबतो, झीज थांबत नाही. घरात पोर खोकतंय म्हणून त्याच्या तोंडावर उशी ठेवतोस का?

आता नंबराचं. हे नीट ऐक, कारण इथं तुझ्यासारखे शिकलेलेही चुकतात. नव्वद नंबर हा आकडा इंजिन ऑइलच्या चाळीसपेक्षा मोठा दिसतो म्हणून लोक त्याला दुपटीहून जाड समजतात. दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. शंभर अंश सेल्सिअसला नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा दाटपणा साडेतेरा ते साडेअठरा सेंटिस्टोक्स असतो. म्हणजे जवळपास चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलाइतकाच. एकशेचाळीस मात्र चोवीसच्या पुढे सुरू होतो. डब्यावर 80डब्ल्यू-90 लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीचा. 80डब्ल्यूची चाचणी उणे सव्वीस अंशांना होते, 85डब्ल्यूची उणे बाराला. पुण्याच्या थंडीत पारा सात-आठ अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो, तेव्हा पहिल्या आकड्याची काळजी तू करू नकोस. ती लडाखला जाणाऱ्याने करावी. दुसऱ्या आकड्याची काळजी कर, आणि तो स्वतःच्या मनानं ठरवू नकोस. गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. काही जड गाड्यांना कंपनीच 85डब्ल्यू-140 सांगते, तिथं तेच घालायचं. तुझ्या पुस्तिकेत काय आहे? नव्वद. डॅशबोर्डच्या कप्प्यात पुस्तिका होती ना? मग तिची पानं अजून एकमेकांना चिकटलेली कशी? पुरात भिजली ती भिजली, त्यानंतर तू ती एकदाही उघडली नाहीस.

जाड ऑइल का वाईट? डिफ्रन्शलला पंप नसतो. तळाशी साठलेलं ऑइल क्राऊन स्वतःच्या दातांनी उचलतो आणि पुढे भिरकावतो. त्यातलं थोडं वरच्या वाटेनं पिनियनच्या बेअरिंगांपर्यंत पोचतं. पहाटे गार गाडीत तू जाड ऑइल घालून निघालास की ते तिथं पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पिनियनचं बेअरिंग कोरडं फिरतं. हे बघ बेअरिंग. गोल रोलर राहिलेत का? एका बाजूनं चपटे झालेत.

आणि नंबर म्हणजेच ऑइल, हे तुझ्या डोक्यात कुणी भरलं? नंबर फक्त दाटपणा सांगतो. दात वाचतो तो दुसऱ्या गोष्टीनं. फळ्यावर तू काढलेली आकृती आठव. साध्या कोनी गिअरमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यातून जातो. हायपॉइडमध्ये तो खाली सरकवलेला असतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली येतो, दात लांब आणि ताकदवान होतात, आवाज कमी होतो. पण किंमत मोजावी लागते. दात दातावर नुसता लोळत नाही, घसरतो. एवढ्या दाबाखाली घसरला की साधं ऑइल पिळून बाहेर फेकलं जातं. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं 1926 मध्ये गाड्यांना हायपॉइड ॲक्सल बसवले, आणि दातांबरोबर ऑइलवालेही कामाला लागले. उत्तर सापडलं गंधक आणि फॉस्फरसमध्ये. दात तापला की ही द्रव्यं पोलादाशी रासायनिक संयोग करून त्यावर एक अतिशय पातळ थर बसवतात. घासतो तो थर, दात नाही. झिजला की पुन्हा बसतो. तुला डब्याचं झाकण उघडल्यावर जो उग्र वास येतो ना, तो त्या गंधकाचा. मध्ये अनेक वर्षं यासाठी देवमाशाचं तेलही वापरत होते, गंधकाशी संयोग केलेलं. 1970 च्या सुमारास अमेरिकेनं ते बंद केलं आणि रसायनशास्त्रज्ञांना त्याची जागा घेणारं काहीतरी शोधावं लागलं. समुद्रातल्या एवढ्या मोठ्या जिवाला मारून माणसानं या दातांसाठी तेल मिळवलं, रे. तुला ते काम करणारं ऑइल नाना पेठेतल्या कुठल्याही दुकानात बंद डब्यात मिळतं, आणि तुला डब्यावरची ओळ वाचायचा कंटाळा येतो.

ती ओळ म्हणजे जीएल. मागच्या ॲक्सलला जीएल-5. त्यात या द्रव्यांचं प्रमाण जास्त असतं, हायपॉइडच्या घसरणीसाठीच. जीएल-4 मध्ये कमी. "गिअर ऑइल ते गिअर ऑइल" म्हणून तू गेल्या वर्षी एकाच डब्यातून गिअरबॉक्समध्येही ओतलंस, हे मला आज शेडमधल्या या पोराकडून कळलं. तुझ्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंगा आहेत. पुस्तिकेत गिअरबॉक्सला जीएल-4 लिहिलेलं असताना जीएल-5 घातलं तर त्यातलं गंधक पितळ खातं. हळूहळू खातं, म्हणून तुला अजून कळलं नाहीये. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना अडकायला लागला की कळेल. आज संध्याकाळपर्यंत ते काढ. आणि उलटी चूकही तेवढीच वाईट: गिअरबॉक्सचं ऑइल मागच्या ॲक्सलला घातलंस तर असा दात पडतो.

असा दात पडतो म्हणजे काय, याचा विचार परवापासून केलायस का? तू बोपदेव टाळून दिवे घाटानं येतोस. माल भरलेल्या गाडीला तेच बरं, तेवढं तरी डोकं चालवलंस. पण सासवडहून पुण्याकडे येताना घाट उतरणीचा आहे. उतारावर इंजिन गाडीला ओढत नाही, गाडी इंजिनाला ढकलते. मग भार दाताच्या मागच्या बाजूवर येतो, जिच्यावर एरवी कमी काम असतं. तुझा दात तिथंच तुटलाय. तुकडा क्राऊन आणि पिनियनच्या मध्ये अडकला असता तर दोन्ही मागची चाकं एका क्षणात जाम झाली असती. दीड टन माल, उतार, वळण, आणि जाम झालेली मागची चाकं. मागून दुधाची गाडी येत होती असं तू स्वतः सांगितलंस. आषाढी वारीत त्याच रस्त्यानं माऊलींची पालखी चढते, लाखो माणसं पायी असतात. तुकडा नशिबानं खाली पडला. हे तुझं कौशल्य नव्हे.

अजून एक. डाव्या मागच्या चाकाचा ड्रम काढलाय, बघ. लायनर काळे, ओले. वरून ओतलेलं जादा ऑइल ब्रीदरातून आणि सीलातून निघालं आणि ब्रेकवर आलं. तू ब्रेक दाबत होतास तेव्हा एक चाक धरत होतं, दुसरं घसरत होतं. चार महिने तुझ्या घरचे लोक याच गाडीतून जेजुरीला गेले-आले. ऑइल जास्त झालं तर काय बिघडतं, असं म्हणणाऱ्या त्या टपरीवरच्या पोराला हा लायनर दाखव. त्याच्यावर ओरडू नकोस. त्याला कुणी शिकवलं नाही. तू शिकव.

आता म्हणतोस, जुन्या बाजारातून एकटा पिनियन आणतो आणि बसवतो. क्राऊनचे दोन दात तर गेलेत, पण समज गेले नसते, तरीही नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात. दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचा पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावला तर दातावर दात नीट बसणारच नाही. जोडी नवी घे. शिम लावून बॅकलॅश मोज, दातांना रंग लावून ठसा बघ. ठसा दाताच्या मध्यावर आला पाहिजे. टाचेला किंवा टोकाला आला तर पुन्हा उघड. घाईनं बसवून मला फोन करू नकोस. ज्या शहरात 1986 पासून 407 चे ट्रक रस्त्यावर उतरले, 2005 मध्ये छोटा हत्ती आला, आकुर्डीत टेम्पो बनले, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआयमध्ये देशभरच्या गाड्या तपासल्या जातात, त्या शहरात शिकलेल्या माणसानं भंगारातला पिनियन घेऊन उभं राहावं, याची मला लाज वाटते. खरंच वाटते.

आणि ते मागच्या ओढ्याच्या कडेला काळं काय ओतलंय? तूच ना? "धूळ बसते" म्हणून? वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, 2016 च्या नियमांत ते स्पष्ट आहे. ते कॅनमध्ये साठवायचं आणि परवाना असलेल्या पुनर्वापरवाल्याला द्यायचं. तुझ्याच घरात नदीचं पाणी शिरलं होतं ना? मग त्याच नदीत हे सोडतोस?

मान खाली घालू नकोस, मला माफी नकोय. बाहेर जी दुसरी गाडी उभी आहे, ती कुणाची? तुझ्या दादाची. त्या रात्री ती कुठं होती? तुझ्याच शेजारी, त्याच गल्लीत, त्याच पाण्यात. आणि मघाशी मी विचारलं तेव्हा तू काय उत्तर दिलंस? "ती आवाज करत नाही, सर." अरे, तुझीही करत नव्हती! दिवाळीपर्यंत करत नव्हती! दादा उद्या पहाटे सासवडला जाणार आहे, त्याच घाटानं परत येणार आहे, आणि तू या तुटलेल्या दाताकडे बघत बसलायस.

ऊठ. गाडी आधी जवळच एक फेरी मारून आण, ऑइल कोमट होऊ दे म्हणजे गाळासकट येईल. मग इथं, सपाटीवर लाव. तिकडे नको, तिकडे उतार आहे. पुढच्या चाकांना दगड लाव. वर घ्यायची असेल तर दोन्ही बाजूंनी सारखी घे आणि घोड्या लाव. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी तुला जाऊ देणार नाही. ब्रीदर काढून फुंकून बघ, चिखलानं बंद असेल. प्लगच्या भोवतीची माती ब्रशनं साफ कर, नाहीतर तीच आत पडेल. खालच्या प्लगच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर राखाडी चिखलासारखं काही आलं तर तो रोजचा झिजेचा भुगा, पुसून टाक. पण नखाला टोचणारी कपची आली तर हौसिंग उघडायचं, मग दादा उद्या जाणार नाही, मी सांगतो त्याला. पाणी निघालं तर एकदा स्वस्त ऑइल घालून थोडी फिरवून तेही काढ, मगच चांगलं भर. वॉशर नवे. भरताना पुस्तिकेत सांगितलेल्या पातळीपर्यंत. साधारण वरच्या प्लगच्या भोकातून ऑइल ओघळायला लागेपर्यंत, त्यापेक्षा थेंबही जास्त नाही. प्लग पुस्तिकेतल्या मापानं आवळ, अंगातल्या जोरानं नाही. तारीख आणि किलोमीटर दारावर लिही. पुढच्या वेळी किती किलोमीटरनं, ते पुस्तिकेत आहे. पाण्यात बुडाली तर किलोमीटर मोजायचे नाहीत, त्याच दिवशी.

ही डबी मी नाना पेठेतून येताना घेऊन आलो. 80डब्ल्यू-90, जीएल-5. तू उघडायच्या आधी डब्यावरची ओळ मोठ्यानं वाच. हां. परत वाच.

आता खाली शीर. टॉर्च दे त्या पोराकडे, त्यालाही बघू दे. पाना घेतलास ना? थांब. खालच्या प्लगला हात लावू नकोस. वर्गात मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? आधी कुठला? बरोबर, वरचा. का? कारण खालचा काढून सगळं ऑइल सांडलं आणि नंतर वरचा गंजून अडकला तर भरणार कुठून? आठवतंय म्हणजे. मग हे त्या रात्रीनंतर का नाही आठवलं?

सैल कर. हळू. निघाला? आत बोट घाल. बोट बाहेर काढ आणि टॉर्चच्या उजेडात धर. पुसू नकोस. काय रंग आहे?

मोठ्यानं सांग, दादा दारात उभा आहे.